जुन्या तीन पीसींचा घरगुती सर्व्हर: क्लस्टर बांधायची कृती

चार कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा स्वतंत्र भाग) तीन पीसी जोडले म्हणून बारा कोअरचा एक पीसी तयार होत नाही. व्हिडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम एका मशीनवर सुरू केला, की तो त्याच मशीनचे चार कोअर वापरणार. बाजूची दोन मशीनं रिकामी असली तरी त्याला त्यांचा उपयोग नाही. हे आधी समजून घेतलं नाही, तर महिनाभर खपून हाती निराशाच येते.

अनेक यंत्रं जोडून वेग मिळवता येतो, हे खरं आहे. पुण्याच्या सी-डॅक या संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर काम वाटून देत असे. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीच्या प्रोसेसरचे १६ साधे पीसी इथरनेटने जोडून बिओवुल्फ क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनांचा समूह, उभा केला. पण त्या यंत्रांवर चालणारी गणितं मुळातच तुकडे करून वाटता येतील अशी लिहिलेली होती. घरचे फोटो, सिनेमे, पासवर्ड सांभाळणारे आणि जाहिराती अडवणारे प्रोग्राम तसे लिहिलेले नसतात.

मग घरी क्लस्टर कशाला? कारण जुनं मशीन कधीतरी बंद पडणारच. ते पडलं तरी त्याच्यावरची कामं दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या मशीनवर आपोआप सुरू व्हावीत आणि घरातल्या कुणाला पत्ताही लागू नये, ही त्यातली खरी कमाई. शिवाय एक मशीन साफसफाईला किंवा अपडेटला खाली घेताना बाकी सगळं चालू राहतं. त्यासाठी तीन मशीनं लागतात, आणि घरासाठी तीन पुरतात. चौथ्याचे पैसे यूपीएस आणि बॅकअपच्या डिस्कमध्ये घाला.

इथे दिलेली कृती प्रॉक्समॉक्स व्हीई या मोफत, डेबियन लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीची आहे. कुबर्नेटीस ही मोठे क्लस्टर चालवणारी प्रणाली शिकायची असेल तर तिची हलकी आवृत्ती के३एस हा वेगळा रस्ता आहे, पण घर चालवायचं असेल तर आमची शिफारस प्रॉक्समॉक्सलाच. त्याची जवळजवळ सगळी कामं ब्राउझरमधून होतात.

मशीन निवडताना

माळ्यावरचा, कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा पीसी फुकट असला तरी तो घेऊ नका. जुना टॉवर पीसी नुसता बसून असताना ५० ते ७० वॅट खातो. ऑफिसांतून निघालेला, जाड पुस्तकाएवढा छोटा पीसी १० ते १५ वॅटवर बसतो. सर्व्हर दिवसाचे चोवीस तास चालू राहणार, म्हणून हिशोब करून पाहा. छोटे तीन पीसी प्रत्येकी १२ वॅट धरले आणि त्यांना नेटवर्कने जोडणाऱ्या स्विचचे ४, तर एकूण ४० वॅट. महिन्याला सुमारे २९ युनिट. तीन टॉवर ६० वॅटचे धरले तर महिन्याला १३२ युनिट. दहा रुपये युनिट मानलं तर फरक महिन्याला हजार रुपयांच्या वर, वर्षाला बारा हजारांच्या पुढे.

त्यात आणखी एक गोष्ट नवखे विसरतात. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणून ते तुमच्या सर्वांत महाग टप्प्याने मोजायचे. घरात २०० युनिट जळत असतील तर छोट्या पीसींनी आकडा २२९ वर जातो आणि टप्पा तोच राहतो. टॉवर लावले तर ३३२ होतात आणि शेवटचे ३२ युनिट पुढच्या दराने लागतात.

घेण्यासारखी मशीनं म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०५० मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर एम७१०क्यू टायनी, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ मिनी आणि त्यांची भावंडं. यात इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे आय५-६५००टी किंवा ७५००टी असे ३५ वॅट मर्यादेचे चार कोअरचे प्रोसेसर असतात, लॅपटॉपच्या आकाराच्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या बसतात, एक एम.२ डिस्क (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) आणि एक २.५ इंची डिस्क मावते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. ऑफिसांनी ती काढून टाकली, पण लिनक्ससाठी त्यांच्यात काहीही कमी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एसपी रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या रिफर्बिश्ड दुकानात ती मिळतात.

तीनही एकाच मॉडेलची मिळाली तर उत्तम. एकच अडॅप्टर सुटा ठेवला की तिघांना चालतो, आणि पुढे एक मेलं तर त्याची रॅम, पंखा, डिस्क बाकीच्यांच्या कामाला येते.

दुकानातून उचलण्याआधी या गोष्टी समोर करून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगांत, शिरून पाहा. ऑफिसच्या मशीनला बायोसचा पासवर्ड राहून गेलेला असतो आणि नव्या मॉडेलांत तो मदरबोर्डवरचा सेल काढून जात नाही. अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का ते बघा. डेलचं मशीन अडॅप्टरमधली ओळख-चिप वाचतं, ती नसेल तर इशारा दाखवतं आणि प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकवून ठेवतं. मशीन चालू दिसतं पण रांगतं, आणि दोष रॅमवर ढकलला जातो. नेटवर्कच्या पोर्टात वायर लावून दिवा लागतो का तेही तिथेच पाहा.

लॅपटॉप चालेल का? चालेल, दोन अटींवर. बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढा. चोवीस तास चार्जरवर असलेली जुनी बॅटरी फुगण्याची भीती असते, आणि फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवायची वस्तू नाही. ती कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांना द्या. दुसरं, झाकण मिटल्यावर मशीन झोपू नये म्हणून लिनक्सच्या लॉगइन सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणासमोर इग्नोर लिहावं लागतं. बॅटरी काढल्यावर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात, तेही तपासा.

बाकी सामान

रॅम प्रत्येकी १६ जीबी. आठमध्ये क्लस्टर उभा राहतो, पण एक मशीन पडल्यावर त्याची कामं घ्यायला बाकी दोघांत जागाच उरत नाही. प्रत्येक मशीनमधले ४ जीबी प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) यांच्यासाठी सोडा, म्हणजे कामाला १२ उरतात. दोनच मशीनं जिवंत आहेत असं धरून हिशोब करा: सगळ्या कामांची रॅम मिळून २४ जीबीच्या आत. तीन मशीनं आहेत म्हणून ३६ भरून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. ती कळते ती नेमकी मशीन पडतं तेव्हा.

प्रत्येक मशीनला २५६ जीबी किंवा मोठी एसएसडी. फोटो-व्हिडिओसाठी निदान दोन मशीनांत १ टीबीची २.५ इंची डिस्क. लॅपटॉपमधून निघालेली जुनी हार्डडिस्क इथे लावायचा मोह होतो. १ टीबी आणि वरच्या अनेक २.५ इंची हार्डडिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असल्याने सलग लिहिणं सुरू झालं की वेग कोसळतो. झेडएफएसखाली त्या फार छळतात.

पाच किंवा आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच. कॅट-५ई किंवा कॅट-६ च्या नेटवर्कच्या तयार वायरी, घरी क्रिंप केलेल्या (टोकाला प्लग दाबून बसवलेल्या) नकोत. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली की जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि तुम्ही डिस्कला दोष देत बसता. वायफाय इथे चालणार नाही. क्लस्टरची मशीनं एकमेकांची नाडी सतत तपासत असतात आणि उत्तर यायला लागणारी वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत असावी लागते. वायफायवर ती मधेच उसळते.

मदरबोर्डवर बसणारे सीआर२०३२ चे तीन नवे सेल, थर्मल पेस्टची एक ट्यूब, ८ जीबीचा पेनड्राइव्ह.

आणि यूपीएस. तीन छोटे पीसी, स्विच आणि राउटर मिळून ५० ते ६० वॅट होतात. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस नव्या बॅटरीवर अर्धा तास सहज काढतो. यूएसबी पोर्ट असलेला घ्या, नाहीतर लाईट गेल्याचं मशीनला कळत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तरी हा छोटा यूपीएस लागतोच. साध्या मोडवरचा इन्व्हर्टर बदली व्हायला घेतो तेवढ्या वेळात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबून ठेवा.

स्विच आणि राउटरही यूपीएसवरच लावा. का, ते पुढे येईल. आणि ज्या बोर्डावर हे सगळं लागणार त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पत्र्याच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तो दोष आधी काढा, मग पुढचं.

जोडण्याआधी प्रत्येक मशीनची तब्येत

झाकण उघडा, ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने धूळ काढा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते वेगाने फिरलं तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा. कोकणात किंवा मुंबईत मशीन राहणार असेल तर रॅमचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून घ्या. दमट हवेत तिथे थर बसतो आणि मशीन कारणाशिवाय अडकतं.

सेल बदला, जुना चालत असला तरी. सेल मेला की लाईट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, बायोसच्या सेटिंगा पुसल्या जातात. घड्याळ चुकलेलं मशीन बाकीच्यांशी बोलताना त्यांची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं नाकारतं आणि क्लस्टरबाहेर पडल्यासारखं वागतं. काही रुपयांच्या सेलमुळे रात्र जाऊ शकते.

मग बायोस. चार सेटिंगा लावायच्या:

१. इंटेल व्हर्च्युअलायझेशन आणि व्हीटी-डी, दोन्ही चालू.
२. लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं. डेलमध्ये याला एसी रिकव्हरी म्हणतात, एचपी आणि लेनोवोत आफ्टर पॉवर लॉस. पॉवर ऑन निवडा.
३. डिस्कचा मोड एएचसीआय. रेड ऑन (RAID On) असेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही.
४. तारीख आणि वेळ.

शेवटी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर ती पट्टी बाद. जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागा) शून्य हवेत. चालू तास ४३,८०० च्या पुढे असतील तर ती पाच वर्षं अखंड फिरलेली आहे. तिच्यावर फोटो ठेवू नका.

इन्स्टॉल

आधी राउटरमध्ये जा. राउटर वाटत असलेले आयपी पत्ते १०० पासून पुढे ठेवा आणि खालचे मोकळे सोडा. मशीनांना १९२.१६८.१.११, १२ आणि १३ असे कायमचे पत्ते देऊ. तुमच्या राउटरचा पट्टा १९२.१६८.० चा असेल तर तसा बदल करा. नावं नोड१, नोड२, नोड३ अशी साधी, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि मागे होम.अर्पा (home.arpa) हे शेपूट. ते घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेलं आहे. पत्ता आणि नाव आत्ताच पक्कं करा. क्लस्टर झाल्यावर ते बदलणं म्हणजे जवळजवळ पुन्हा इन्स्टॉल करणंच.

प्रॉक्समॉक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची प्रत) उतरवून रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा, विचारलं तर डीडी मोड निवडा. डिस्क निवडायच्या पानावर घाईत पुढे जाऊ नका. ऑप्शन्स उघडून ईएक्सटी४ च्या जागी झेडएफएस रेड-० निवडा, एकच डिस्क असली तरी. पुढे एका मशीनवरचं काम दुसऱ्यावर आरशासारखं ठेवायचं आहे आणि ते फक्त झेडएफएसवर होतं. तिन्ही मशीनांवर हेच करा, म्हणजे साठ्याचं नावही तिन्हीकडे एकच राहतं. ही पायरी चुकली तर परत फिरायला सोपा रस्ता नाही.

इन्स्टॉल झाल्यावर पडद्यावर पत्ता दिसतो, शेवटी ८००६ हा पोर्ट. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो एचटीटीपीएससह टाका. प्रमाणपत्राचा इशारा येईल, तो इथे अपेक्षित आहे. रूट नावाने आत जा.

नोडवर, म्हणजे यादीतल्या मशीनच्या नावावर, क्लिक करून अपडेट्स, त्याखाली रिपॉझिटरीज. एंटरप्राइझ नावाच्या दोन नोंदी दिसतील, एक प्रॉक्समॉक्सची आणि एक सेफ या साठा सांभाळणाऱ्या प्रणालीची. त्या पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत, दोन्ही बंद करा. नो-सबस्क्रिप्शन जोडा, रिफ्रेश, अपग्रेड, रीस्टार्ट. तिन्ही मशीनांवर आवृत्ती एकच दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

इंटेलचा आय२१९ नेटवर्क भाग असलेल्या मशीनांत एक जुना त्रास आहे. मोठी फाइल जात असताना नेटवर्क अचानक थांबतं आणि लॉगमध्ये हार्डवेअर युनिट हँग अशी ओळ येते. एथटूल या आज्ञेने त्या कार्डाचे टीएसओ आणि जीएसओ हे दोन पर्याय बंद केले की ते थांबतं. ती आज्ञा नेटवर्कच्या सेटिंग फाइलमध्ये पोस्ट-अप म्हणून लिहून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर दुखणं परत येतं.

क्लस्टर जोडणं

हा भाग लिहायला मोठा आणि करायला दहा मिनिटांचा आहे. नोड१ वर डेटासेंटर, क्लस्टर, क्रिएट क्लस्टर. नाव द्या. मग जॉइन इन्फर्मेशन उघडून तो लांबलचक मजकूर कॉपी करा. नोड२ च्या पानावर त्याच जागी जॉइन क्लस्टर, मजकूर पेस्ट करा, नोड१ चा पासवर्ड टाका.

आता नोड२ चं पान गोठेल किंवा चूक दाखवेल. घाबरून पुन्हा जॉइन दाबू नका. त्या मशीनचं प्रमाणपत्र बदललं आहे, म्हणून ब्राउझर अडला आहे. मिनिटभर थांबा, पान नव्याने उघडा. नोड१ च्या यादीत नोड२ हिरवा दिसला की मगच नोड३ ला हात घाला. जोडताना नोड२ आणि नोड३ वर एकही व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा कॉम्प्युटर) किंवा कंटेनर (त्याचाच हलका प्रकार) असता कामा नये. कामं आधी बनवली असतील तर बॅकअप घेऊन पुसावी लागतात.

नोडच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पीव्हीईसीएम स्टेटस (pvecm status) ही आज्ञा द्या. कोरेट समोर येस, अपेक्षित मतं ३, कोरम २ असं दिसायला हवं.

हा कोरम म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा कणा. प्रत्येक मशीनला एक मत आणि निर्णयाला बहुमत. तीनपैकी दोन बोलत असतील तर काम चालू राहतं. एकटं पडलेलं मशीन स्वतःहून नवं काही सुरू करत नाही, सेटिंगाही फक्त वाचू देतं. हा बिघाड समजू नका, हीच सुरक्षितता आहे. नाहीतर मधली वायर सुटल्यावर दोन्ही बाजू एकच डेटाबेस आपापल्या ठिकाणी चालवत बसल्या असत्या आणि तुमचे फोटो दोन वेगळ्या वाटांनी गेले असते. दोनच मशीनं असतील तर बहुमत म्हणजे दोन्ही, एक पडलं की दुसरंही थांबतं. अशा घरात रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस बसवून तिसरं मत मिळवता येतं.

काम सुरू करणं

पहिलं काम पाय-होल हा घरभरच्या जाहिराती अडवणारा प्रोग्राम घ्या. छोटं आहे, अर्धा जीबी रॅम पुरते आणि बंद पडलं तर घरभर लगेच कळतं, म्हणून चाचणीला उत्तम. नंतर पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन. जेलीफिन सातव्या पिढीच्या मशीनवर ठेवा. प्रोसेसरमधला ग्राफिक्स भाग एचईव्हीसी पद्धतीने साठवलेला १० बिटचा व्हिडिओ स्वतः उलगडतो, सहाव्या पिढीत ही सोय ८ बिटपर्यंतच आहे. मात्र ग्राफिक्स भाग जोडलेलं काम त्या मशीनशी बांधलं जातं, ते दुसऱ्या मशीनवर हलण्याची अपेक्षा ठेवू नका.

व्हर्च्युअल मशीन बनवताना प्रोसेसरचा प्रकार विचारला जातो. होस्ट निवडलं तर वेग थोडा जास्त मिळतो, पण वेगवेगळ्या पिढीच्या मशीनांत चालू काम हलवताना ते कोसळू शकतं. प्रॉक्समॉक्स ८ पासून आपोआप निवडलेला असतो तो एक्स८६-६४-व्ही२-एईएस तसाच राहू द्या. इंटेल आणि एएमडी मिसळलेल्या क्लस्टरमध्ये चालू काम हलवण्यावर भरवसाच ठेवू नका. कंटेनर तर कुठेही चालू असताना हलत नाही, तो थांबून पलीकडे पुन्हा सुरू होतो. काही सेकंदांचा खंड पडतो, घरी तेवढा चालतो.

मग प्रत्येक कामाच्या पानावर रेप्लिकेशन, ॲड. दुसरा नोड निवडा, दर पंधरा मिनिटांनी ठेवा. पहिली प्रत जायला वेळ लागतो, नंतर फक्त बदल जातात. शेवटी डेटासेंटरमधल्या एचएमध्ये (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे मशीन पडल्यावर काम आपोआप दुसरीकडे सुरू करणारी सोय) ते काम घाला.

यातला सौदा नीट समजून घ्या. मशीन अचानक मेलं तर दुसरीकडे काम सुरू होतं ते शेवटच्या प्रतीवरून. म्हणजे पंधरा मिनिटांपर्यंतचा मजकूर जाऊ शकतो. पाय-होलला याने काही फरक पडत नाही. लग्नाचे फोटो नुकतेच चढवले असतील तर पडतो, म्हणून फोनवरून लगेच पुसू नका. एकही क्षण न गमावणारा साठा सेफने मिळतो, पण त्याला १० गिगाबिट नेटवर्क, प्रत्येक डिस्कमागे काही जीबी रॅम आणि लाईट गेल्यावरही लिहिणं पूर्ण करणाऱ्या महागड्या एसएसडी लागतात. १ गिगाबिट आणि साध्या एसएसडीवर तो बसतो खरा, पण इतका मंद चालतो की घरचे लोक वापरणं सोडून देतात. या मशीनांवर सेफ नको, हे आमचं ठाम मत.

मुद्दाम बिघडवून पाहा

काम ज्या नोडवर चालू आहे त्याची नेटवर्कची वायर उपटा आणि घड्याळ लावा. साधारण मिनिटभरात ते मशीन स्वतःला रीस्टार्ट करेल. बहुमत गमावलेलं एचएचं मशीन वॉचडॉग या पहारा ठेवणाऱ्या टायमरकरवी स्वतःला पाडतं, म्हणजे एकच काम दोन ठिकाणी चालत नाही. दोन मिनिटांच्या आसपास ते काम दुसऱ्या नोडवर उभं राहतं. वायर परत लावा.

आता स्विच यूपीएसवर का, ते कळेल. स्विच बंद पडला तर तिन्ही मशीनं एकटी पडतात, आणि एचए चालवणारी सगळी एकदम रीस्टार्ट होतात. घरी कुणी मोबाईल चार्जरसाठी स्विचचा प्लग काढला तरी हेच होतं. प्लगवर चिकटपट्टी लावून काढू नये असं मराठीत लिहून ठेवा.

दोन मशीनं एकाच वेळी गेली आणि तिसऱ्यावरचं काम सुरू करणं भागच असेल, तर पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १ ही आज्ञा त्या एकट्याला अधिकार देते. बाकीची दोन खरोखर बंद आहेत, हे जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती देऊ नका.

यूपीएसची यूएसबी वायर एका नोडला लावा आणि नट हा प्रोग्राम तिन्हींवर बसवा. वायर लावलेला नोड बाकीच्या दोघांना निरोप देतो, ते बंद होतात, हा शेवटी. मग यूपीएसचा प्लग काढून हेही करून पाहा.

बॅकअप

प्रत पलीकडच्या मशीनवर आहे म्हणून बॅकअप आहे, असं समजू नका. चुकून पुसलेला फोल्डर पंधरा मिनिटांत तिकडूनही पुसला जातो. डेटासेंटर, बॅकअप इथे रोज रात्रीची वेळ लावा आणि तो यूएसबीच्या मोठ्या डिस्कवर किंवा चौथ्या जुन्या पीसीवर घ्या. सात रोजचे, चार आठवड्यांचे ठेवले तर पुरे. बॅकअपची दुसरी डिस्क महिन्यातून एकदा नातेवाइकांकडे ठेवून या. दर तीन महिन्यांनी एक बॅकअप कामाला वेगळा नंबर देऊन उघडून पाहा.

बाहेरून वापरायचं असेल तर

अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडून काहीही होत नाही. टेलस्केल हा खासगी जोडणी करून देणारा प्रोग्राम फोनवर आणि एका छोट्या कंटेनरमध्ये बसवा, काम होतं. सार्वजनिक पत्ता असला तरी ८००६ पोर्ट इंटरनेटवर उघडू नका.

मशीन कायमचं गेलं तर

आधी त्याच्याकडे जाणाऱ्या प्रतींच्या रेप्लिकेशनमधल्या नोंदी काढा. ते मशीन बंद करून वायर सोडवा. मग जिवंत नोडवर पीव्हीईसीएम डेलनोड आणि गेलेल्याचं नाव. काढून टाकलेलं मशीन दुरुस्त झालं तरी जुन्या डिस्कसह त्या नेटवर्कवर परत सुरू करू नका. त्याला आपण अजून सदस्य आहोत असं वाटतं आणि ते चालू क्लस्टर बिघडवतं. डिस्क पुसून, नव्याने इन्स्टॉल करून, नवं नाव देऊन जोडा.

दिवाळीच्या साफसफाईत एकेक मशीन खाली घ्या: आधी त्यावरची कामं दुसरीकडे हलवा, मग धूळ, पंखा, डिस्कचा स्मार्ट अहवाल. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांनी बदला. तिचा प्लग काढून किती मिनिटं टिकते ते यूपीएसवरच पेनने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आकडा निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी तेव्हाच आणा.